मोरस साखरेच्या वाटेने

बारामतीहून इंदापुरास जाणाऱ्या सडकेवर लासुर्णे हे गाव आहे. संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी याच भागातून पंढरपुराकडे जाते, आणि दिवाळी उलटली की त्याच सडकेवर उसाच्या मोळ्यांनी लादलेल्या गाड्या दिसू लागतात. मुलूख तसा कमी पावसाचा. सह्याद्री आपल्या पश्चिम अंगावरच मेघांस रिते करतो. इंदापूर तालुक्याच्या वाट्यास फारसे काही उरत नाही. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी आले म्हणून येथे ऊस उभा राहिला, आणि ऊस उभा राहिला म्हणून वालचंदनगरसारखे कारखान्याचे गाव शेजारी वसले. हा ऊस तोडावयास येणारी माणसे बहुधा गावची नसतात. बीडसारख्या दूरच्या जिल्ह्यांतून, मुकादमाकडून उचल घेऊन, नवराबायको मिळून एक कोयता अशा हिशेबाने ती येतात, पाचटाच्या कोपींत राहतात आणि हंगाम संपला की आपल्या गावी परत जातात.

या उसापासून होणाऱ्या साखरेस आज नुसते साखर म्हणतात. परंतु काही पिढ्यांपूर्वीच्या घरांत पांढऱ्या, दाणेदार, कारखान्यात शुद्ध केलेल्या साखरेचे नाव निराळे होते. तिला ‘मोरस’ साखर म्हणत. गुजराथी घरांत तर हा शब्द अद्याप ऐकू येतो. मोरस म्हणजे मॉरिशस. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या बंदरात मॉरिशस बेटाची साखर इतकी उतरत असे, की मालास त्या बेटाचेच नाव पडले. शब्द घरात शिरला, रुळला, आणि पुढे विसरलाही गेला. मात्र ज्या गलबतांतून ही साखर मुंबईस येई, त्याच समुद्रमार्गाने मुंबईहून मॉरिशसास काय जात होते, ही गोष्ट साखर खाणाऱ्या घरांत क्वचितच बोलली गेली. मुंबईहून माणसे जात होती, आणि त्यांतील पुष्कळ मराठी बोलणारी होती.

त्या माणसांचा मागोवा घ्यावयाचा असेल तर मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावरील सडकेने प्रवास करावा. पोर्ट लुई या राजधानीपासून दक्षिणेस बे द्यु काप या खाडीपर्यंत हा रस्ता आहे. बेट लहान आहे. लांबी सुमारे ६५ किलोमीटर आणि रुंदी सुमारे ४५. वाहने हिंदुस्थानाप्रमाणेच डाव्या बाजूने चालतात. एका बाजूस निळा समुद्र आणि प्रवाळाच्या कड्यावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ, दुसऱ्या बाजूस ज्वालामुखीने उभारलेले टोकदार डोंगर, आणि मध्ये ऊस, अशी त्या रस्त्याची सामान्य शोभा आहे. तथापि ज्यास इतिहासाची आवड आहे, त्यास या शोभेच्या आड पुष्कळ काही आढळते.

प्रवासाचा आरंभ पोर्ट लुईच्या धक्क्याजवळूनच करावा लागतो. तेथे काळ्या दगडांच्या काही पायऱ्या, छपरे नसलेल्या भिंती आणि पाण्याकडे उघडणारे एक आवार जपून ठेवले आहे. यास आज ‘अप्रवासी घाट’ म्हणतात. पूर्वीचे नाव कुली घाट. २००६ साली युनेस्कोने या जागेची गणना जागतिक वारशात केली. इतक्या साध्या वास्तूस हा मान का मिळावा, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

मॉरिशसला मूळची वस्ती नव्हती. १५९८ साली डच लोक तेथे उतरले व त्यांनी आपल्या राजपुत्राचे नाव बेटास दिले. जावा बेटातून उसाचे बेणे आणून १६३९ च्या सुमारास त्यांनीच ते प्रथम लावले. १७१० मध्ये डच निघून गेले. त्यांच्यामागून आलेल्या फ्रेंचांनी आफ्रिका व मादागास्कर येथून गुलाम आणून बेट वसविले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. परंतु फ्रेंच मळेवाल्यांची मालमत्ता, भाषा व कायदे तसेच राहू दिले. १८२५ साली मॉरिशसच्या साखरेवरील इंग्लंडातील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी करण्यात आली, आणि बेटावर जिकडे तिकडे ऊस लागला. पुढे १ फेब्रुवारी १८३५ रोजी तेथील गुलामगिरी कायद्याने संपली. मळेवाल्यांस गुलामांच्या बदल्यात इंग्लंडच्या खजिन्यातून सुमारे वीस लक्ष पौंड मिळाले. गुलामांस स्वतःस काही मिळाले नाही. सुटलेल्या माणसांनी मळ्यांकडे पाठ फिरविली, हे स्वाभाविकच होते. ऊस मात्र वाट पाहत नाही. तो वेळेवर तोडावा लागतो व तोडल्यावर लगेच गाळावा लागतो. तेव्हा मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे दृष्टी वळविली.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईस लागले. तेथून जो ओघ सुरू झाला तो विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालला, आणि एकूण सुमारे साडेचार लक्षांहून अधिक माणसे या बंदरात उतरली. कलकत्ता, मद्रास व मुंबई ही त्यांची निघण्याची बंदरे. मुंबईचा वाटा इतर दोहोंहून पुष्कळच लहान होता. मुंबईहून जाणाऱ्यांत कोकणपट्टीतील, म्हणजे रत्नागिरी, मालवण, सावंतवाडी या बाजूचे लोक विशेष होते. घाटावरचेही काही होते. खडकाळ जमीन, खोताचे देणे, एका पावसाळ्याची हुलकावणी आणि मुंबईत काम मिळेल ही आशा, एवढी कारणे घर सोडावयास पुरेशी होती. मुंबईपर्यंत आलेल्या माणसास पुढचे बेट किती लांब आहे याची खरी कल्पना असेलच असे नाही.

घाटावर उतरल्यावर नव्या मनुष्यास दोन दिवस आवारात ठेवीत. तेथे कारकून त्याचे नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, उंची आणि अंगावरील खुणा वहीत मांडून घेई व त्यास एक आकडा देई. मॉरिशसमध्ये त्या मनुष्याचे अस्तित्व यापुढे त्या आकड्यावरून ओळखले जाई. कारकुनास मराठी येत नसे आणि मजुरास इंग्रजी वा फ्रेंच येत नसे. ‘नाव काय’ म्हणून विचारल्यावर कोणी भिवाजी म्हणाला, कोणी बाबाजी म्हणाला. तेच लिहिले गेले आणि तेच पुढे त्या घराण्याचे आडनाव झाले. मागे राहिलेले खरे आडनाव एका पिढीत पुसले गेले. गावांचीही तीच गत झाली. इंग्रजांच्या त्या काळच्या दप्तरात रत्नागिरी हेच नाव ‘रटनाघेरी’ असे काहीसे लिहीत; मग लहानशा वाडीचे नाव कसे उमटले असेल याची कल्पना करावी. ह्या वह्या आणि १८६० नंतरच्या दशकात काढू लागलेली मजुरांची छायाचित्रे आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत. पणजोबांचे गाव शोधण्यासाठी तेथे येणाऱ्या मनुष्यास कित्येकदा नाव सापडते, आकडा सापडतो, चेहराही सापडतो. गावाचे नाव मात्र वाचता येत नाही.

घाट मागे टाकून सडक दक्षिणेस वळते. ही सडकही विचार करण्यासारखी आहे. मजुरांची पहिली तुकडी येण्यापूर्वीच हिंदी माणसे या बेटावर रस्ते बांधीत होती, आणि ती कैदी होती. १८१५ पासून पुढील वीस-बावीस वर्षांत इंग्रज सरकारने प्रथम बंगालमधील व नंतर मुंबई इलाख्यातीलही जन्मठेपेचे कैदी मॉरिशसला पाठविले. त्यांची संख्या दीड हजारांच्या घरात होती. त्यांच्याकडून रस्ते, पूल आणि सरकारी इमारती यांचे काम करून घेत. ‘बीगल’ जहाजातून पृथ्वीप्रदक्षिणा करीत असता चार्ल्स डार्विन १८३६ साली एप्रिलच्या अखेरीस पोर्ट लुईस उतरला. त्याने या कैद्यांस काम करताना पाहिले व आपल्या रोजनिशीत त्यांची नोंद केली. इतक्या भारदस्त मुद्रेची माणसे हिंदुस्थानात असतील अशी त्याची पूर्वी कल्पना नव्हती, असे त्याने लिहून ठेविले आहे. त्या कैद्यांपैकी फारच थोड्यांची नावे आज कोणास ठाऊक असतील. त्यांनी बांधलेल्या वाटांवरूनच बेटावरची वाहतूक पुढे वाढत गेली.

पोर्ट लुईपासून काही अंतरावर पेतित रिव्हिएर हे गाव आणि त्यापुढे बांबू हे गाव लागते. येथून मेदीन मळ्याचा ऊस सुरू होतो. या भागाची हवा इंदापुरासारखीच कोरडी आहे, आणि तिचे कारणही तेच आहे. बेटावर पाऊस आणणारे वारे आग्नेयेकडून येतात. मधल्या पठारावर ते पाणी टाकतात आणि पश्चिमेस पोहोचेपर्यंत रिकामे होतात. म्हणून येथेही पाणी अडवून शेतांत न्यावे लागते. बांबूजवळचा ला फेर्म जलाशय त्याच कामाचा. ज्याने नीरेचा कालवा पाहिला आहे, त्यास ही उसाची शेते, ही पाटाची व्यवस्था आणि उसाच्या तुऱ्यांवरून येणारा वारा यांत काहीच परके वाटत नाही. शेतांत मधूनमधून दगडांचे मोठाले ढीग मात्र दिसतात. ज्वालामुखीच्या जमिनीतून हातांनी वेचून काढलेले ते काळे धोंडे आहेत. ते वेचणारे प्रथम गुलाम होते व नंतर हिंदी मजूर.

मजुरीचा करार पाच वर्षांचा असे. पुरुषास महिना पाच रुपये, शिवाय तांदूळ, डाळ, तेल, मीठ आणि कपडा. कराराचा हा भाग ऐकावयास बरा होता. त्याखालची अट मात्र जाचक होती: एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. आजारपणात किंवा मालकाच्या लहरीत किती दिवस ‘खाडे’ म्हणून मांडले जात, याच्या तक्रारींनी सरकारी अहवाल भरलेले आहेत. मजुरांच्या टोळीवर ‘सरदार’ असे. नाव मोठे खरे, पण काम मुकादमाचे. तोच पुष्कळदा हिंदुस्थानात परत येऊन आपल्या मुलखातून नवी माणसे घेऊन जाई. ओळखीच्या माणसाचा शब्द आणि हातावर पडलेली थोडी आगाऊ रक्कम यांच्या जोरावर घर सुटे. लासुर्ण्याच्या बाजूस ऊसतोडणीचा हंगाम ज्यांनी पाहिला आहे, त्यांस ही पद्धत समजावून सांगण्याचे कारण नाही. अंतर एवढेच, की येथली टोळी वैशाखाच्या आगेमागे घरी परतते. मॉरिशसच्या मजुरास परतीचे भाडे फुकट मिळण्याची सोय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बंद झाली, आणि बहुतेकांचे परतणे तेथेच संपले.

१८६७ च्या सुमारास त्या बेटावर हिवतापाची भयंकर साथ आली व हजारो माणसे मेली. त्याच वर्षी एक नवा कायदा झाला. कराराची मुदत संपलेल्या हिंदी मनुष्यासही छायाचित्राचा परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसल्यास भटक्या म्हणून पकडले जाई. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या एका सहृदय युरोपियनाने हजारो जुन्या मजुरांचा अर्ज गव्हर्नरापुढे नेला. मळेवाले त्याच्यावर इतके संतापले की त्यास भर रस्त्यात मार खावा लागला. परंतु त्या अर्जामुळे चौकशीसाठी राजनियुक्त आयोग आला आणि १८७५ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. पुढे साखरेचे भाव पडू लागले तेव्हा मळेवाल्यांनी कडेकडेच्या जमिनी तुकडे करून विकल्या, आणि पै पै साठविलेल्या हिंदी कुटुंबांनी त्या घेतल्या. मजूर हळूहळू शेतकरी झाला. बेटाच्या चलनास रुपया हे नाव १८७६ साली मिळाले, तेही या माणसांच्या वस्तीमुळेच. आज जगाच्या नकाशावर इतक्या दूर रुपया चालतो, त्याचे मूळ या उसात आहे.

बांबूच्या पुढे एक फाटा समुद्राकडे फ्लिक आँ फ्लाकच्या वाळूवर जातो. तेथे किनाऱ्यालगत सुरूंची लांबच लांब राई आहे. रविवारी या सुरूंखाली बेटावरील कुटुंबेच्या कुटुंबे डबे घेऊन बसतात. डबा उघडला की त्यात भात, डाळ, लोणचे, मासळीची आमटी. रस्त्याच्या कडेला दुचाकीस पेटी बांधून एक मनुष्य पातळ डाळपुऱ्या विकत असतो, आणि ख्रिस्ती, मुसलमान, चिनी, हिंदू असे सर्वच त्याच्याभोवती जमतात. ही डाळपुरी मजुरांबरोबर बिहारकडून आली. आज ती साऱ्या बेटाचे खाणे झाली आहे. एका वळणावर देऊळ, पुढच्या वळणावर चर्च, त्यापलीकडे मशीद आणि जवळच चिनी घराण्याचे किराणा दुकान, हा देखावा या रस्त्यावर नवलाचा नाही. लोक आपापसांत क्रिओल बोलतात. ही बोली फ्रेंच शब्दांवर गुलामांच्या काळी घडली. वर्तमानपत्र बहुधा फ्रेंच असते आणि सरकारी कागद इंग्रजी.

फाट्याजवळच कास्कावेल हे गाव आहे. ब्लॅक रिव्हर नावाचा जो पश्चिमेकडील जिल्हा, त्यात मराठी घरे पूर्वीपासून विशेष आहेत, आणि कास्कावेल त्यांतील मानाचे गाव. मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीचा उत्सव प्रथम १८९६ साली हेन्रिएटा गावी झाला, असे तेथे परंपरेने मानतात. पुण्यात लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सवास सार्वजनिक रूप देण्याचे कार्य नुकतेच हाती घेतले होते, त्याच काळातली ही गोष्ट. परंतु तेथल्या मजुरांस पुण्याची प्रेरणा हवी होती असे समजण्याचे कारण नाही. कोकणी माणसाच्या घरात गणपती येतो तो राजकारणावाचूनही येतो. मातीची मूर्ती, आरती, मोदक आणि पाण्यावर निरोप, एवढे त्याने बरोबर आणले होते. आज गणेशचतुर्थीस त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. वाजतगाजत मूर्ती समुद्राकडे किंवा नदीकडे जातात, आणि त्या मिरवणुकीत चालणाऱ्यांची संख्या मराठी वस्तीच्या मानाने पुष्कळ मोठी असते. कारण शेजारीपाजारीही तीत सामील होतात. तेथील लोकसंख्येत मराठी वंशाची माणसे शंभरांत दोनांच्या आसपासच आहेत, हे येथे ध्यानात ठेवावे.

गणपतीबरोबर आणखी दोन गोष्टी टिकल्या. एक गोंधळ, आणि दुसरी ‘झाकरी’. कोकणात गौरीगणपतीच्या दिवसांत पायांत चाळ बांधून, फेर धरून जो जाखडी नाच होतो, त्याचेच हे नाव थोडे झिजून तेथे राहिले आहे. नाचणाऱ्या तरुणांस प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगता येतोच असे नाही. पण ताल चुकत नाही. लिहितावाचता न येणाऱ्या माणसाने दूरदेशी नेताना जे देहात साठविले ते राहिले, आणि जे केवळ जिभेवर होते ते आधी गेले, असे या गावांत फिरताना दिसते.

तामारें येथे सडक पुन्हा समुद्राशी येते. पूर्वी येथे मोठाली मिठागरे होती, आणि स्त्रिया डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहून नेत. पुढे ला गोलेतपर्यंत कोळ्यांची वस्ती आहे. प्रवाळाच्या कड्याने आतले पाणी शांत ठेवले आहे, आणि त्यावर लहान होड्या डुलत असतात. मालवणच्या किंवा वेंगुर्ल्याच्या माणसास हा किनारा ओळखीचा वाटेल. तेथील मराठी कुळांतही घरातली बोली आता बहुतेक क्रिओल आहे. आजोबांस मराठी समजे, बापास थोडी येई, मुलगा ती शाळेत शिकतो. सरकारी शाळांत मराठी हा ऐच्छिक विषय आहे, महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च शिक्षण मिळते, रेडिओ व दूरचित्रवाणीवर तिचे कार्यक्रम होतात, आणि सरकारी नाट्यस्पर्धांत मराठी नाटके होतात. १९९१ साली दुसरी जागतिक मराठी परिषद याच बेटावर भरली. २०२३ मध्ये तेथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. हे सर्व अभिमानास्पद आहे. तथापि जी भाषा आईकडून यावयाची ती पुस्तकातून घेण्याची पाळी आली, की ती जिवंत राहते ती केवळ प्रयत्नाने; आणि प्रयत्न एका पिढीने सोडला तर पुढच्या पिढीस तो पुन्हा आरंभापासून करावा लागतो. मॉरिशसच्या मराठी माणसाने हा प्रयत्न सोडलेला नाही, ही त्याची खरी कमाई होय.

ला गोलेतच्या पुढे ल मॉर्न नावाचा ५५६ मीटर उंचीचा एकाकी डोंगर समुद्रात पुढे आलेला आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या कड्यांवर लपून राहत. १८३५ साली मुक्तीची वार्ता सांगावयास शिपाई वर चढले. ते आपणांस धरावयास येत आहेत असे समजून माणसांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा तेथे सांगतात. २००८ साली या डोंगरासही जागतिक वारशात स्थान मिळाले. पोर्ट लुईचा घाट आणि ल मॉर्नचा डोंगर ही दोन ठिकाणे एकाच रस्त्याने जोडलेली आहेत, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. ज्यांनी बेड्या तोडून ऊस सोडला त्यांची जागा ज्यांनी भरली, त्यांचा हा घाट. आणि दोघांच्याही घामाची ती एकच साखर. हिंदी मजूर गुलाम नव्हता. त्यास करार होता, मजुरी होती, मुदत होती. परंतु ज्या चाळींत त्यास राहावयास दिले त्या पुष्कळ ठिकाणी गुलामांच्याच होत्या, आणि मालकांच्या सवयीही त्याच काळच्या होत्या.

डोंगरास वळसा घालून सडक समुद्राच्या अगदी काठाने जाते, आणि माकोंदे नावाच्या खडकाला बिलगून बे द्यु कापला पोहोचते. येथे एक लहानसे स्मारक आहे. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचा नकाशा काढणारा इंग्रज दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्स १८०३ च्या डिसेंबरात नादुरुस्त गलबत घेऊन या खाडीत शिरला. फ्रेंच गव्हर्नराने त्यास हेर समजून अडकवून ठेवले, आणि १८१० पर्यंत तो सुटला नाही. त्या वर्षांत त्याने पुष्कळ लिहिले. म्हणून त्याचा बंदिवास जगास ठाऊक आहे. ज्या हजारो माणसांस पाच वर्षांच्या कराराने या बेटावर आणले, त्यांपैकी फारच थोड्यांस लिहिता येत होते. त्यांच्याविषयी जे कळते ते कारकुनाच्या वहीतून, न्यायाधीशाच्या निकालातून किंवा आयोगाच्या अहवालातून, म्हणजे दुसऱ्याच्या हातातून.

त्यांच्या वतीने बोलणारा एक मनुष्य मात्र त्यांच्याच कोकणातून निघाला. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. १९०५ च्या स्वदेशीच्या चळवळीत पुण्याच्या घरांतून परदेशी साखर वर्ज्य झाली. ती शुद्ध करताना हाडांचा कोळसा वापरतात म्हणून कोणी ती सोडली, कोणी देशाभिमानाने सोडली. ती साखर करणारे हात कोणाचे, हा प्रश्न त्या वादात मागेच राहिला. तो प्रश्न गोखल्यांनी उचलला. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात असा ठराव मांडला, की करारबद्ध मजुरीची ही पद्धतच बंद करावी. पद्धतीतील दोष सुधारा असे न म्हणता, पद्धत मुळातच अन्यायाची आहे असे त्यांचे म्हणणे होते. कारण निरक्षर मनुष्यास दूर देशाचा करार समजावून न सांगता त्यावर त्याचा अंगठा घ्यावयाचा आणि तो मोडल्यास त्यास गुन्हेगार ठरवावयाचे, यास करार म्हणता येत नाही. ठराव २२ विरुद्ध ३३ मतांनी पडला. पुढे पाच वर्षांनी, १९१७ मध्ये, सरकारला तीच गोष्ट करावी लागली. ते पाहावयास गोखले राहिले नव्हते. मॉरिशसकडील करारी मजुरांचा ओघ मात्र त्याआधीच, १९१० च्या सुमारास थांबला होता.

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले. अडीचशेहून अधिक साखर कारखाने ज्या बेटावर एके काळी होते, तेथे आज बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. बाकीच्यांची दगडी धुराडी उसात उभी आहेत. यंत्राने तोडलेला ऊस वाढला आहे, आणि मजुरांची नातवंडे शिक्षक, वकील, बँकेतील अधिकारी झाली आहेत. त्यांच्यातील कोणी महाराष्ट्रात येतात आणि पूर्वजांचे गाव विचारतात. कित्येकदा त्यांच्याजवळ वहीतील नोंदीचा उतारा असतो आणि त्यावर न वाचता येणारे गावाचे नाव असते. अशा पाहुण्यास रत्नागिरीत किंवा पुण्यात बहुधा आश्चर्याने विचारले जाते, की तुमच्याकडे मराठी माणसे कशी पोहोचली? त्यांनी दीडशे वर्षे ह्या मुलखाची आठवण राखली. ह्या मुलखाने त्यांच्या साखरेचे नाव घेतले आणि त्यांस विसरून गेला. हिशेब असा एकतर्फी राहू नये. कोकणातील जुन्या गावांची व वाड्यांची नावे, ती इंग्रजी दप्तरांत जशी उमटली त्या रूपांसह, कोणी नीट जुळवून ठेवली, तर त्या पाहुण्यांपैकी कित्येकांस आपले दार सापडेल. हे काम मोठ्या खर्चाचे नाही. शाळामास्तर, ग्रंथपाल आणि गावोगावचे जाणते वृद्ध मिळून ते करू शकतील.

लासुर्ण्याच्या सडकेवर पुन्हा हंगाम येईल. टोळ्या येतील, कोपी उभ्या राहतील, पहाटेच्या थंडीत कोयते चालू लागतील. त्या कोपींत राहणाऱ्या मुलांची नावे कोणत्या शाळेच्या हजेरीपटावर आहेत, त्यांच्या आईबापांची उचल किती फिटली आणि किती उरली, हे प्रश्न साखर विकत घेणाऱ्याने विचारण्याजोगे आहेत. मोरस साखर खाणाऱ्या घरांनी ते त्या काळी विचारले नाहीत. ते तेव्हाच विचारले गेले असते, तर मॉरिशसच्या वह्यांत निदान गावांची नावे तरी नीट लिहिली गेली असती.